कलम सात (क) आणि घरचे स्कोन

"या घरातलं काहीच आपल्या नावावर नाही, म्हणून ते कुणी नेऊ शकत नाही," अ‍ॅलिस्टर टॅव्हेन्डेलचे वडील मेंढी कातरता कातरता म्हणत, आणि सात वर्षांच्या पोराला ते अंगाईसारखं वाटे. राजधानी वेलिंग्टनच्या करखात्यात कायद्याचे मसुदे लिहू लागल्यावर त्याला कळलं, की याला ट्रस्ट म्हणतात: मालमत्ता कागदावर विश्वस्ताची, मजा मालकाची. आणि तो परदेशी माणसाने इथे केला तर त्याला कर पडत नाही, त्याचं नावही कुणी विचारत नाही. (विचारणं असभ्य दिसतं.)

पुढे जगाने डोळे वटारले. सरकारने सुधारणा काढली: विश्वस्ताने मालकाचं नाव विचारावं, न विचारल्यास तुरुंग. त्यावर एकशे त्रेचाळीस सूचना आल्या, पैकी एकशे एक्केचाळीस ट्रस्टवाल्यांच्या सल्लागारांच्या. सुधारणेला सर्वांचा मनापासून पाठिंबा होता. हरकत फक्त विचारण्याला होती.

अ‍ॅलिस्टरचं दुखणं वेगळं होतं. त्याला लहानाचं मोठं केलं ते नोएलीन आत्याने. ओमारू गावची ही निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, वकील आणेल त्या कागदांवर दर मंगळवारी सह्या करी आणि अशी सहाशे बारा परदेशी ट्रस्टांची विश्वस्त झाली होती. त्याने फोनवर आडून आडून विचारलं.

"फार सज्जन माणसं रे," आत्या म्हणाली. "एकानेही कधी तोंड दाखवलं नाही."

तेव्हा हितसंबंधांच्या रकान्यात 'निरंक' लिहून त्याने आत्याच्या मापाचं कलम सात (क) घातलं: ज्या विश्वस्ताने सलग वीस वर्षं चर्चच्या जत्रेला घरी भाजलेले स्कोन (चहासोबतचे छोटे मऊ पाव) दिले असतील, त्याने मालकाचे नाव विचारले आहे असे समजण्यात यावे. कायदा एकमताने मंजूर झाला. स्कोनच्या विरोधात हात वर करून मतदारसंघात परत जाणार कोण?

वर्षभरात नऊ हजार चारशे अकरा ट्रस्ट दक्षिणेतल्या म्हाताऱ्यांच्या पदरात पडले. टिमारूच्या एक आजी, ज्यांच्या स्कोनबद्दल गावात दोन मतं होती, तीन बंदरं आणि एका बँकेच्या विश्वस्त झाल्या. तपासनीस घरोघर स्कोन चाखत फिरले (सरासरी वजनवाढ चार किलो). गैरवापर शून्यावर आल्याचं खात्याने जाहीर केलं, कारण न विचारणारा विश्वस्त कायद्याने देशात उरलाच नव्हता.

तरी जग कुरकुरलं, म्हणून संसदेच्या समितीने एक नमुना विश्वस्त बोलावला. चिठ्ठी नोएलीन आत्याची निघाली. अ‍ॅलिस्टर मागच्या बाकावर जाऊन बसला. उत्तर त्याने सकाळीच पढवलं होतं. एका शब्दाचं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, की सहाशे बारांपैकी एका तरी मालकाचं नाव बाईंना ठाऊक आहे का.

"तुझं ठाऊक आहे, लॅकलन. चौथीत माझ्या वर्गात पेन्सिली खायचास."

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, वीस वर्षं स्कोन घरी भाजलेत एवढं म्हणा, आणि सुखाने घरी जा."

आत्याने भाच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हण. मग तिने पर्स मिटून मांडीवर ठेवली.

"बेकरीतून आणत होते," ती म्हणाली. "पिशवी बदलायची, बस. सगळ्यांनी आवडीने खाल्ले. घरचे आहेत का, असं वीस वर्षांत तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही."

नऊ हजार निनावी मालकांवर शांत बसलेलं सभागृह ताडकन उठलं, आणि कुणीतरी पोलिसांना बोलवायला धावलं.