तात्यांचं दूध आणि आर्वीचं पोट

आमच्या उचगावात तात्यांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "दूध पिऊन आलायसा न्हवं?" असं विचारतात. उत्तर 'नाही' आलं, की पावण्याचा दंड धरून गोठ्यात नेतात आणि दुधाचा तांब्या रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाहीत. माझं लग्न ठरलं, तेव्हा मुलगी काय शिकलीय हे त्यांनी विचारलंच नव्हतं. "दूध पिती न्हवं? मग झालं की!"

तात्या माझे शेजारी. पासष्टीचे, तालमीत घुमलेले. दारात तीन म्हशी. मुलगा-सून कामाला जातात, त्यामुळं चार वर्षांची नात आर्वी दिवसभर तात्यांच्या ताब्यात. म्हणजे दुधाच्या ताब्यात. सकाळ, दुपार, संध्याकाळ मोठा पेला. मधे रडली तर आणखी एक. भाकरीला ती तोंड लावायची नाही.

"दुधात समदं हाय की, मास्तर!"

शाळेला सुट्टी होती त्या सकाळी त्यांच्या घरातून अशी किंकाळी आली, की मी हातातला चहा तसाच ठेवून धावलो. आर्वी संडासात घामाघूम. चार दिवस पोट साफ नव्हतं, आता रक्त दिसलं होतं. तात्या पांढरेफटक, चौकट धरून उभे. दोघांना गाडीत घातलं आणि कोल्हापुरात मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी तपासलं, औषध लिहिलं. "खाते काय?"

तात्यांची छाती फुगली. "दीड लिटर दूध! निव्वळ म्हशीचं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, दुधानंच पोट भरलं, तर भाजी-भाकरीला जागा कुठं उरणार? काही मुलांना तर दुधानंच शी घट्ट होते. दिवसाला एक पेला बास. पाणी, फळं, पालेभाजी द्या. दोन आठवड्यांनी परत आणा."

"दुधानं?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाईंकडं. "दुधानं?" तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं विचारलं, की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "अवो बाई, मी काय इख पाजत हुतो व्हय तिला?"

"विष नाही हो. जास्त झालं, एवढंच."

दोन आठवड्यांत आर्वी मेथी-भाकरी खायला लागली, पपई मागायला लागली. संडासातून हसत बाहेर यायला लागली. तात्या मात्र उतरलेलेच.

मी चेष्टा केली, "तात्या, दुधाचा अपमान एवढा लागला?"

"दुधाचं काय घिऊन बसलासा, मास्तर." गोठ्यात बसून ते म्हशींच्या पेंडीची पाटी ढवळत राहिले. "तिची आजी गेल्यापास्नं घरात माझ्याजवळ बसणारं कोण न्हाय. पेला दाखवला की पोरगी येऊन बसायची. म्हणून मी भरतच गेलो. संडासात रडायची, तवा भाईरनं मीच म्हणायचो, 'जोर कर बाळा, दूध देतो.'"



तेवढ्यात आर्वी आली. काही न मागता ती तात्यांच्या पाठीला पाठ लावून बसली आणि गवताच्या काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढू लागली. तात्यांचा पाटीतला हात थांबला. ती उठेपर्यंत ते हलले नाहीत.