नखभर फट

गाडीच्या चाकांतलं मला जेवढं कळतं, तेवढं चाकं बनवणाऱ्यांनाही कळत नसेल! अशी चार महिन्यांपूर्वीपर्यंत माझी ठाम समजूत होती. चाळीस व्हिडिओ बघितले होते मी. त्यातले सात तर शेवटपर्यंत!

गाडी बाबांची. ते गेल्यावर दादाची आणि माझी झाली. सोमवार ते बुधवार माझ्याकडे, गुरुवार ते शनिवार दादाकडे, रविवारी ज्याला गरज त्याच्याकडे. दोन वर्षांत या वाटणीवरून चकार शब्द झाला नव्हता. अशा सुरळीत चाललेल्या गाडीला मी अलॉय व्हील बसवायचं ठरवलं. दादाला विचारलं नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं!

दुकानात काळीभोर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आऱ्यांची चाकं टांगलेली होती. मी बघताक्षणी पाघळलो.

फिटर म्हणाला, "साहेब, नटांची भोकं जुळतायत. पण मधलं भोक तुमच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल उंचवट्यापेक्षा, मोठं आहे. फट राहील. ती भरायला रिंग लागते, परवा येईल."

"नट जुळले ना? मग बसव!"

"आणि टायर रुंद आहेत. मागे वजन आलं की घासतील."

"मागे कोण बसतंय आमच्या! बसव म्हटलं ना!"

त्याने बसवली. जुनी चाकं मी बदल्यात देऊन टाकली.

तो बुधवार होता. गल्लीबोळांतून हळूहळू घरी आलो. गाडी कशी लोण्यासारखी! गुरुवारी दादा घेऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, "विचारायचं तरी." सोमवारी मी मोठ्या रस्त्याला लागलो आणि साठच्या वर जाताच स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, की हिवताप आलेल्या माणसाचा हात धरलाय असं वाटावं!

मी जागच्या जागी निदान केलं. दादाने खड्ड्यात घातली! लगेच फोन लावला.

"दादा, गाडी कुठे आपटलीस?"

"मी? कुठेच नाही. उलट मीच विचारणार होतो, स्टिअरिंग का हलतंय."

"म्हणजे तुला माहीत होतं! आणि गप्प बसलास!"

"अरे, तुझी एवढी हौस. म्हटलं, सावकाश सांगू."

"खोटं बोलू नकोस!"

दादाने फोन ठेवला. दादाला मी जन्मात पहिल्यांदा खोटारडा ठरवलं होतं. पण मी थांबतोय कसला! घरच्या ग्रुपवर सविस्तर निवेदन टाकलं. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द तीनदा! वहिनी एक अक्षर न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडल्या.

शेवटी ताई मध्ये पडली. रविवारी तिघांनी गॅरेजला जायचं, मेकॅनिक सांगेल ते खरं. मी चालवायला, दादा शेजारी, ताई मागे. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला. खर्रर्र!

"हे काय आणखी?" दादा दचकला.

"काही नाही रे, ताईच्या वजनाने होतंय," मी बोलून गेलो.

"माझं वजन काढतोस?" ताई कडाडली. "तुमच्या भांडणापायी सुट्टी घालवून आले मी!"

दादा मात्र माझ्याकडे वळून बघत होता. "वजनाने होतंय हे तुला कसं कळलं?"

"दुकानात म्हणाले होते."

"आणखी काय म्हणाले होते?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे तेही फार वेळ जमलं नाही.

मेकॅनिकने चाक उतरवलं आणि हबजवळ नख टेकवून दाखवलं. "रिंगच नाही! एवढ्या फटीने चाक मध्यावर बसलेलंच नाही. मग थरथरणार नाही तर काय? कुठल्या शहाण्याने असंच बसवून घेतलं?"

"खड्ड्यात आपटल्याचं काही दिसतंय का?" मी आशेने विचारलं.

"छे! एक ओरखडा नाही. चालवणाऱ्याने फार जपलीय गाडी."

दादाने आपल्या जुडग्यातून गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "तूच ठेव. बाबांची होती म्हणून दोघांची होती. आता ही तुझीच वाटते."

तो चालत निघाला. ताई त्याच्या बरोबर.

मंगळवारी रिंगा बसल्या, योग्य मापाचे टायर चढले. अर्ध्या दिवसाचं काम! गाडी आता आठवडाभर माझ्याकडेच असते.

परवा दादा बसस्टॉपवर दिसला. मी गाडी त्याच्यापुढे थांबवून काच खाली केली.

"दादा, बस ना. आता अजिबात हलत नाही."

"बरं झालं."

"माझं चुकलं रे."

तो वाकला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मागून कानठळ्या बसवणारा हॉर्न! बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"ओ शहाणे! बसच्या जागेत गाडी लावता? चाकं झकास आहेत, पण हलवा ती इथून!"

मी गाडी पुढे घेतली. आरशात बघतो तर दादा बसमध्ये चढत होता.

तो काय म्हणणार होता, देव जाणे. चाकं झकास आहेत, हे मात्र एका माणसाने तरी कबूल केलं!