भास्करभाऊंचं कोरं तास

भास्करभाऊंनी मागचा अख्खा उन्हाळा अर्ध्याच डोक्याला तेल लावून काढला. डावीकडचे केस चप्प बसलेले नि चमकणारे, उजवीकडचे कुंपणाच्या काट्यांसारखे उभे. बाजारात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पोट्टे मागून शिट्ट्या मारायचे, आणि भाऊ आपले ताठ मानेनं चाललेले. झालं होतं एवढंच, की कोण्या एजंटानं केस उगवायचं तेल त्यांच्या गळ्यात मारलं होतं आणि भाऊंनी त्या तेलाची परीक्षा लावली होती. उन्हाळा संपला तसे ते माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर बसले. "दिल्या, काढ फोटो. दोनी बाजूचे काढ. अन् लाईट सारखा ठेवजो, नाईतं बेमानी होते." मी फोटो काढले. टक्कल दोन्हीकडून सारखंच पुढं सरकलेलं. माणसाला वाईट वाटेल की नाही? यांना इतका आनंद झाला की मलाच चहा पाजला.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात वाशीम रोडला माझं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान आहे. त्याला लागून भाऊंचं कृषी केंद्र. घरंही भिंतीला भिंत लागून. म्हणजे या माणसापासून मला कुठंच सुटका नाही.

भाऊ शेतीचे पदवीधर. कोणी शेतकरी सोयाबीनवर मारायला नवं टॉनिक मागायला आला की भाऊ बाटली हातात देण्याआधी त्याच्याकडून कबूल करून घेतात, "फवारजो. पन मधात एक तास कोरं सोडजो." तास म्हणजे शेतातली पिकाची ओळ. सगळ्या वावरात औषध मारायचं, एक ओळ तशीच सोडायची, आणि शेवटी दोन्ही शेजारी शेजारी पाहायच्या. फरक दिसला तर औषध खरं, नाही दिसला तर डबडं. हा साधा धडा भाऊंनी शेतातून उचलला आणि साऱ्या जगाला लावला. दंतमंजन असो, डासांची अगरबत्ती असो की निवडणुकीतला उमेदवार, त्यांचा सवाल एकच असतो, "कोरं तास ठेवलं होतं का?"

त्यांनी लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गावात साऱ्यायनं केलं ना बावा. तुलनेले एक कोरं तास पायजे का नाई?" आम्ही दोघंही हसलो. घरात ते आणि त्यांची माय, दोघंच. मायनं आठवडी बाजारात सांभार-मेथी विकून त्यांना शिकवलं. आता ऐंशीच्या घरात आहे, तरी घरामागच्या चार वाफ्यांत रोज सकाळी वाकलेलीच दिसायची. सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, आणि मायच्या सांभाराला कोणी हात लावलेला तिला खपत नाही. भाऊंनाही परवानगी नव्हती.

तर भाऊंची साखर काठावर आली आणि माझं पोट काठाबाहेर आलं, म्हणून आम्ही दोघं बबलू सरांच्या जिममध्ये जायला लागलो. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर, पत्र्याखाली ही जिम आहे. दारातच काचेचं कपाट, त्यात काळे-सोनेरी डबे. प्रत्येक डब्यावर बैलासारख्या मानेचा गडी. भाऊंनी पहिल्याच दिवशी खिशातून भिंग काढलं. पानावरची कीड पाहायचं भिंग ते! एकेक डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. बबलू सरांना वाटलं, चला, मोठं गिऱ्हाईक आलं.

"हे वजन वाढवाचं म्हनते, अन् यात अर्ध्याच्या वर साखर अन् पीठ हाय," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "त्यापक्षा शिरा खाय ना गड्या, तोंडाले चव तरी येईन." दुसरा डबा उचलला. "चरबी जाळते म्हने. हे त नुसतं कडक चहाचं सत्त्व हाय. चरबी नाई जळत, झोप जळते." सारी पोरं व्यायाम सोडून भोवती गोळा झाली. एकानं भीत भीत आपल्या पिशवीतला, पाण्यात घोळून प्यायच्या रंगीत पावडरीचा डबा पुढं केला. भाऊंनी त्याला विचारलं, "दाळ-दही पोटभर खाऊन राह्यला ना? मंग हे कायले? युरिया टाकलेल्या वावरात अजून युरिया टाकतं का?"

सगळंच खोटं असं मात्र ते म्हणत नाहीत. क्रिएटीन नावाच्या पावडरीचा डबा हातात आला तेव्हा त्यांनी तो आदरानं परत ठेवला. "हे खरं हाय. याच्यावर लोकायनं लय जागी, कोरे तासं ठेवून पाह्यलं. जोर वाढते. पन पहिले जेवन, मेहनत अन् झोप. अन् किडनीची तक्रार असन तं डॉक्टरले इचारल्याबिगर हात नाई लावाचा." प्रथिनांच्या पावडरीचंही तेच. पोटभर डाळ, दूध, अंडी मिळत नसतील तर घ्या. ती दुधाचीच लेक आहे, जादू नाही. मग जाता जाता ठेवून दिली, "आपन पोत्यानं सोयाबीन इकतो, अन् मंग डबा इकत आनतो. शाने हाओत आपन!"

बबलू सर बिचारे घाम पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं फ्लेक्स करायला आले. 'आधी' आणि 'नंतर' असे एकाच गड्याचे दोन फोटो, आणि मधे डबा. भाऊ शेजारून आलेच. फोटो पाहिले, मला म्हणाले, "दिल्या, शर्ट काढ." मी नाही नाही म्हणत असताना त्यांनी मला दुकानातच उघडं केलं. पहिला फोटो पोट सोडून, खांदे पाडून, तोंड पडकं करून काढला. मग अंगाला तेल चोपडलं, बाजूनं लाईट लावला, म्हणाले, "दम रोख अन् हास." दुसरा फोटो काढला. खरं सांगतो, माझा मीच मला ओळखेना! भाऊंनी त्याचा फ्लेक्स काढून जिमसमोर टांगला: 'हा फरक एका चहाच्या वेळात, चहासुद्धा न घेता.' माझी बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पण भाऊंची खरी हौस फिटली ती राम-शाम जिममध्ये आले तेव्हा. मेडशीचे जुळे भाऊ, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. त्यांना पाहून भाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देवानंच तुलनेचा प्लॉट पाडून देला, दिल्या!" दोघांना सारं समजावून, त्यांच्या राजीखुशीनं ठरलं: जेवण सारखं, व्यायाम सारखा, एकाच्या डब्यात क्रिएटीन, दुसऱ्याच्या डब्यात तसलंच दिसणारं तांदळाचं पीठ. कोणाचा कोणता, हे फक्त भाऊंना ठाऊक. दोन-अडीच महिने भाऊ रोज दोघांच्या दंडाला मापाचा टेप लावून हसत होते. शेवटी फरक काहीच निघेना. तेव्हा भाऊ मला गाडीवर बसवून थेट मेडशीला गेले.

पोरांची आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती शांतपणे म्हणाली, "ते दोन डबे का? म्या पहिल्याच दिशी एकात कालवले. मले समजलं का एकाचं भारी हाय अन् एकाचं हलकं. एका पोराले देनं अन् एकाले नाई देनं, असं मायच्यानं होते का भाऊ?"

भाऊ डोक्याला हात लावून बसले. परत येताना सारा रस्ता एकच, "प्लॉट नासवला बाईनं. पुरा प्लॉट नासवला." मी मागं बसून हसू दाबत होतो.

हिवाळ्यात भाऊ जिममध्ये यायचे बंद झाले. माय तापानं पडली होती. ताप गेला, पण इतके दिवस खाटेला खिळल्यानं पायातला जोर गेला. उभं केलं की गुडघे लटलट कापायचे. वाशीमच्या डॉक्टरांनी सारं तपासलं, आणि भाऊंना सरळ सांगितलं: हाड मोडलेलं नाही, पण पोटात सकस अन्न गेलं पाहिजे आणि पाय रोज हलले पाहिजेत, नाहीतर खाट सुटणार नाही. मायचं एकच म्हणणं होतं, "मले माह्या सांभाराजोळ नेऊन सोडा." खिडकीतून वाफे दिसायचे. सांभार पिवळा पडून वाळत चाललेला. तोडायचा कोणी? हात लावायची कोणाला परवानगीच नव्हती.

एक दिवस मी भेटायला गेलो. माय खुर्चीत बसलेली, घोट्याला जिममधला रबरी पट्टा बांधलेला, आणि समोर जमिनीवर भाऊ बसलेले. "उचल माय. अजून थोडसा. वा वा, पैलवान!" माय शिव्या देत देत पाय उचलत होती. मग मुगाचं धिरडं, दही, सोयाबीन घालून दळलेल्या पिठाची भाकर. माय माळकरी, अंडं चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून प्रथिनांची पावडरही आणलेली. मायला ती बिलकूल आवडत नव्हती. "हे चुन्याचं पानी तूच पे," म्हणायची. भाऊ आत गेले की पेला मांजरीपुढं ठेवायची. मांजर चांगली गुबगुबीत झाली, तेव्हा कुठं भाऊंच्या ध्यानात आलं. मग ते पेला रिकामा होईस्तोवर जवळच बसायला लागले.

एवढ्यावर असतं तर मी काही बोललो नसतो. पण उशाशी पाहतो तर काय! वैदूचं काळं तेल, कागदाच्या पुडीत अंगारा, मायच्या दंडात ताईत, दाराला लिंबू-मिरची. जगाला भिंगातून पाहणाऱ्या माणसाचं हे घर! हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण भाऊंकडं पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि हातात मायचं पाऊल धरून ते तेलानं चोळत होते. मी गुपचूप घरी आलो.

होळीच्या सुमारास एका सकाळी भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला, "दिल्या! अय दिल्या! फोटो काढाची मशीन आन!" मी कॅमेरा घेऊन धावलो. एक हात भाऊंच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात काठी, अशी माय वाफ्यापर्यंत चालत आली होती. भाऊंनी नवा सांभार पेरून ठेवला होता, तो वीतभर वर आलेला. माय काठी टाकून दगडावर बसली आणि पेरणी कशी दाट पडली म्हणून भाऊंना रागवायला लागली. मला इतकं बरं वाटलं की बोलायची सोय नाही.

आता चिडवायला हरकत नव्हती. मी भाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, "काय हो भाऊ, पावडर, पट्टा, तेल, अंगारा, ताईत, सारं एकाच टायमाले? मंग गुन कायचा आला, हे कसं समजन? कोरं तास कुठी हाय?"

मला वाटलं, भाऊ काहीतरी टोला हाणतील. पण त्यांनी मायनं टाकलेली काठी उचलून भिंतीला टेकवली.

"मायले उठवलं जेवनानं अन् मेहनतीनं, एवढं मले समजते रे," ते म्हणाले. "अंगाऱ्यानं काई होत नाई, हे बी समजते. पन काईच सोडाची हिंमत नाई झाली. कोरं तास म्हनतं तू. एका इकडं माय असलेलं घर, अन् एका इकडं माय नसलेलं घर. ते तुलना मले नाई पाह्याची, दिल्या. मेडशीची ते बाई बरोबर होती." आणि एवढा भिंगवाला माणूस शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मायनं सांभाराची पहिली जुडी तोडून माती झटकली आणि वळून पाहिलं.

"भास्कर, कायले रडून राह्यला बाप्पा?" ती म्हणाली. "जाय, आन ते चुन्याचं पानी. आज मांजरीले नाई देत."