सोनोग्राफीच्या खोलीतलं मराठी

विजयलक्ष्मीबाईंचं पोट दुखायला लागलं ते त्यांच्या मुलाने, गिरिधरने, घरात दोन गोष्टी सांगितल्यापासून. एमबीबीएसनंतर हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिकायचं, आणि लग्न मुलीशी करायचं नाही. डॉक्टरची आई या अधिकाराने बाईंनी दोन्हींवर एकच औषध काढलं: रेडिऑलॉजी. पुढच्या प्रवेशासाठी विषयांची पसंती भरायची मुदत आज संध्याकाळी संपत होती, त्यामुळे कुंभकोणमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पोटाला जेल लावलेलं असतानाही शेजारी उभ्या गिरिधरपुढे त्यांचा प्रचार चालूच होता.

तंजावरी मराठी घरांचा एक पक्का समज आहे. घराबाहेर सगळे तमिळच, तेव्हा मराठीत खुशाल काहीही बोलावं, तेही मोठ्याने. बाई सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडावरच बोलत होत्या.

"हाडांच्या खात्यांत सगळे पैलवान रे, कण्णा, माझ्या बाळा. तुला चिडवून खातील."

"अम्मा, मी कोणावर प्रेम करतों त्याचं हाडांना काय?"

"हळू बोल!" बाई ओरडल्या. "इथें बघ कीं. काळोख, पडदा, मशीन. बायको कुठें म्हणून कोणी विचारत नाहीं. ह्या डॉक्टराचंही लग्न नाहीं, बाहेरची नर्स सांगत होती. हाही तुझ्यासारखाच असेल. बसलाय कीं नाहीं सुखांत?"

डॉ. पद्मनाभांनी तमिळमध्ये श्वास धरायला सांगितलं. बाईंनी धरला आणि लगेच बोलण्यासाठी सोडला.

"तुझा तो श्रीवत्स मला आवडतो. वाढलेलं सगळं जेवतो. पण लोक तुला हसले तर मी मरेन रे."

"आतां पुन्हा श्वास धरा, अम्मा," डॉक्टर मराठीत म्हणाले. "आणि गोड कमी खा. यकृतावर चरबी आहे."

बाईंनी असा श्वास धरला की डॉक्टरांनाच सोडा म्हणावं लागलं.

"मी इथल्याच नाचियार्कोविलचा, आपल्यांतलाच," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "मलाही हाडांचंच करायचं होतं. माझी अम्मा म्हणाली, काळोखांत बस, कोणी कांहीं विचारणार नाहीं. तें खरंच झालं. इतक्या वर्षांत, कसा आहेस म्हणूनही कोणी विचारलं नाहीं."

बाईंनी जेल पुसलं. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "पहिल्या नंबरावर हाडांचं भर."

मग रिक्षावाल्याकडे संशयाने पाहत, आयुष्यात पहिल्यांदाच त्या मराठीत कुजबुजल्या.

"त्या डॉक्टराचं गोत्र विचारायचं राहिलं रे. श्रीवत्साच्या ओळखींत कोणी चांगला मुलगा आहे का?"