हुक्केरीकर सरांचा भोपळा

हुक्केरीकर सरांना जगातली प्रत्येक वस्तू जाडच वाटे. बसवनगुडीतल्या हॉटेलात डोसा समोर आला की तो उजेडाकडे धरून बघत आणि वाढप्याला म्हणत, "आणखी पातळ!" केळ्याचे काप तळणाऱ्याला तेच, लांबलचक उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही तेच.

बेळगावकडचा हा माणूस बेंगळुरातल्या आमच्या कॉलेजात गणिताचा विभागप्रमुख होता. सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. मी त्यांच्या हाताखालचा लेक्चरर.

दरवर्षी ते कलनोत्सव करत. चक्क कॅल्क्युलसचा उत्सव! लाल भोपळा आणायचा, त्याला कुंकू लावायचं, काठोकाठ भरलेल्या घंगाळात बुडवायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. मग सर स्वतः सुरीनं त्याचे पातळ काप करत. मुलं एकेक काप मोजून आकारमानाची बेरीज करत. ती पाण्याशी जुळली की टाळ्या, आणि त्याच भोपळ्याची हुळी, म्हणजे तिकडची आमटी, सगळ्यांना भाताबरोबर. परीक्षेतल्या शून्याला मराठीत भोपळा म्हणतात हे कानडी पोरांना ठाऊक नव्हतं, ते एक बरं.

घंगाळ माझ्याकडे. भोपळा तरंगतो, बाह्या सरसावून त्याला खाली दाबावं लागे. "स्वल्प जोरात दाब रे अण्णा, लाजतोस काय त्याला!" सर ओरडत. पाण्याचा आकडा मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा, आणि बेरीज फळ्यावर आली की वाचून दाखवायचा.

आता सांगून टाकतो. सरांचा हात थरथरू लागला होता. काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. बेरीज हटकून चुके. सहा वर्षं मी चिठ्ठी हातात धरून फळ्यावरच्या बेरजेला जुळेल असाच आकडा वाचला.

सातव्या वर्षी प्रिन्सिपॉल येऊन बसले. सरांना दोन वर्षं मुदतवाढ द्यायची की नाही, ते ठरायचं होतं. नाही मिळाली तर खुर्ची माझी. त्या दिवशी मी चिठ्ठीवर होतं तेच वाचलं.

पाव भोपळ्याचा फरक! पोरं खो खो हसली. प्रिन्सिपॉलनी आधी सरांच्या हाताकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पुढं खुर्ची मला मिळाली. मी खोटं बोललो असं कुणी म्हणू शकत नाही. सात वर्षांत खरं बोललो तो तेवढाच दिवस.

हुळीला कुणी थांबलं नाही. सर टेबलावरचे काप गोळा करत होते.

"आजचं पाणी खरं होतं ना रे?"

"हो, सर."

"कळलं मला. सहा वर्षं पाणी इतकं शहाण्यासारखं वागतं होय?" ते हसले. "वाटायचं, आपला अण्णा आपलं मन राखतोय. ही गेल्यापासून कोण राखतंय? वर्षातनं एकदा का होईना."

त्यांनी काप वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवले.

"घरी ने. सूनबाई करील काहीतरी. मी एकटा किती खाणार?"