गुडघे, टाचा आणि ओल्मेदोंच्या वह्या

"माद्रिदमध्ये डोकी पुष्कळ आहेत, कासिल्दा. मेंदू मात्र एकच, आणि तो आत्ता या खुर्चीत बसलाय," डॉन एर्मोहेनेस म्हणाले.

दारावर 'संगीतविषयक गुन्ह्यांचे अन्वेषक' अशी पितळी पाटी होती. अकरा वर्षांत असा गुन्हा एकच आला, अ‍ॅकॉर्डियनच्या चोरीचा. तो वादकाच्या बायकोनेच वैतागून लपवला होता, हेही मदतनीस कासिल्दानेच शोधलं होतं.

समोर बसलेल्या दोन्या विसितासिओन बाईंनी ऐंशी ओलांडली होती. त्यांचे वडील लेआंद्रो ओल्मेदो यांनी सार्सुएलांमधली, म्हणजे माद्रिदच्या संगीत नाटकांमधली गाणी पियानोसाठी लिहून काढली होती. आठ वह्या. घर सुटलं, वह्या तिथेच राहिल्या.

"संगीत मंडळ म्हणतं, शुक्रवारपर्यंत एक तरी पान आणा, नाहीतर वडिलांचं नाव संगीतकारांच्या यादीतून काढू. मी थापा मारते म्हणे! मला ते एकदा ऐकायचंय हो. मग काय वाट्टेल ते म्हणू देत."

डॉन एर्मोहेनेसनी डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की कुणीतरी निरपराध माणूस गोत्यात येतो, हा कासिल्दाचा अनुभव होता.

सोमवारी संशय एका पियानोवादकावर आला, कारण त्याची बोटं लांब होती. मंगळवारी मासळीवाल्यावर, कारण त्याच्याकडे कागद होता. बुधवारी त्यांनी सिद्ध केलं की लेआंद्रो ओल्मेदो नावाचा माणूस जन्मलाच नव्हता.

"मग मी कुठून आले?" दोन्या विसितासिओननी विचारलं.

"त्याचा तपास स्वतंत्रपणे चालू आहे."

गुरुवारी ते ओल्मेदोंच्या जुन्या इमारतीचा जिना भिंगातून तपासत होते. तेवढ्यात दरवानबाई एउसेबिया बादली घेऊन आली.

"पाय उचला, साहेब. काय हरवलंय?"

"ओल्मेदोंच्या संगीताच्या वह्या," कासिल्दा म्हणाली.

"त्या आठ निळ्या? दुसऱ्या मजल्यावर, नाचाच्या शाळेत! माळ्यावर पडल्या होत्या, मीच दिल्या बाईंना. रोज पाच ते आठ वाजवतात. चाळीस वर्षं डोकं उठलंय माझं."

वर मुलींचा वर्ग चालू होता आणि पियानोवाल्याच्या पुढ्यात, पियानोवर, वह्या रचल्या होत्या. वेष्टनांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'गुडघे', 'टाचा', 'उंच उड्या'. गाणं कुठल्या नाटकातलं याच्याशी नाचाच्या बाईंना कर्तव्य नव्हतं. कासिल्दाने एक चिठ्ठी अलगद काढली. खाली ओल्मेदोंची सही होती.

"माझा अंदाज खरा ठरला," डॉन एर्मोहेनेस म्हणाले. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

कासिल्दाने टॅक्सी पाठवून दोन्या विसितासिओनना बोलावलं. डॉन एर्मोहेनेसनी मंडळाच्या चिटणीसांना बोलावलं, ते पांढरे हातमोजे घालूनच आले.

"वाजवणं बंद!" चिटणीस ओरडले. "हा अमूल्य ठेवा आजपासून तिजोरीत. संशोधकांशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पियानो थांबला. एक पाय हवेत ठेवून चौदा मुली बाईंकडे बघू लागल्या.

भिंतीलगत बसलेल्या दोन्या विसितासिओननी डोळे पुसले.

"तुमच्या तिजोरीत असतं, तर माझ्या बाबांचं संगीत चाळीस वर्षं कुणाच्या कानावर पडलं नसतं," त्या म्हणाल्या. "सरका बाजूला. पोरींचे पाय अवघडलेत."

आणि पियानोवाल्याला त्यांनी मानेनं खूण केली.