पुढच्या गिअरची कारणमीमांसा

वस्तू दुरुस्त करणं कुणालाही जमतं. ती का बिघडली हे ठरवायला मात्र संस्कृती लागते. माकडसुद्धा दगडाने ठोकून डबा उघडतं. पण डब्याचं झाकण घट्ट का बसलं, यावर चार माकडं बाकावर बसून बोलताहेत, असं अजून कुणी पाहिलेलं नाही.

मापकाकांची यावर नितांत श्रद्धा होती. उभी नोकरी त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात घालवली, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव दिलं होतं. संशय आलेला तराजू ते जप्त करत. तपासणी पुरी होईपर्यंत तराजू गोदामात राही आणि दुकानदार अंदाजाने माल देई. (अंदाजात चूक काढता येत नाही, हा त्यातला फायदा.) ‘आधी कारण, मग काम’ हे त्यांचं ब्रीद होतं, आणि त्या ब्रीदापायी घरातल्या न्हाणीघराची कडी लग्नाच्या वर्षापासून लागत नव्हती. दार फुगलं की चौकट खचली, याचा निर्णय व्हायचा होता. तोवर मापकाकू दाराला पाठ लावून न्हात, आणि आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून मोठ्याने गात:

कडी लागेना दाराला, धनी शोधितो कारण
पाठ लावूनी मी न्हाते, गाणं करितं राखण

मापकाकांना चाल फार आवडे. शब्दांकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही.

अशा घरात एका संध्याकाळी सुनेने सांगितलं की सायकलचा पुढचा गिअर पडत नाही.

सायकल मापकाकांचीच, त्यांच्या नोकरीतली. पायडलपाशी दोन दातेरी चकत्या: सपाटीला मोठी, चढाला लहान. डाव्या मुठीजवळचा खटका दाबला की एक लोखंडी चिमटा साखळीला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलायचा. आताशा तो साखळीला मोठीवर नेई, पण लहानीवर उतरू देत नसे. माहेरी आलेल्या लेकीसारखी साखळी तिथेच रमायची. सून टेकडीवरच्या रुग्णालयात हंगामी नर्स होती. पहिली बस सुटायची तोवर तिची पाळी सुरू झालेली असायची, म्हणून सायकल. चढ आला की मोठ्या चकतीवर पाय चालेना, मग उतरून ढकलत जायचं, मग उशीर. महिनाअखेर एकीला कायम करायचं होतं आणि हंगामी दोघी होत्या. मोठ्या सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं: हात तुझा चांगला आहे, पण आता आणखी उशीर झाला तर जागा दुसरीला जाईल.

“बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात टाकते,” सून म्हणाली. “उद्या संध्याकाळपर्यंत देईल तो.”

मापकाकांना वाईट वाटलं. दुकानदार दुरुस्त करतो, कारण सांगत नाही. उद्या तोच बिघाड पुन्हा झाला तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यांनी सायकल जिन्याखाली उभी केली, कुलूप लावलं आणि चावी बनियनच्या खिशात ठेवली. तपासणी चालू असलेली वस्तू वापरात राहू शकत नाही, हा नियम त्यांनी केला नव्हता. ते फक्त पाळत होते.

दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालच्या बाकावर बैठक बसू लागली. पहिल्या मजल्यावरचे वकील आणि समोरचे ड्रॉइंग मास्तर हे कायम सदस्य, येणारेजाणारे निमंत्रित. इमारतीतल्या शंभर टक्के पुरुषांनी खटका दाबून पाहिला. उरलेल्या शंभर टक्के माणसांना (म्हणजे बायकांना) वेळ नव्हता. सायकल जागेवर उभी, पायडल स्थिर, आणि साखळी चालल्याशिवाय चकती बदलत नाही. त्यामुळे प्रत्येकाने दाबलं आणि प्रत्येकाच्या हाती काहीच लागलं नाही. निष्कर्षात इतकं एकमत इमारतीने पाण्याच्या टाकीवरही कधी पाहिलं नव्हतं.

कारणं मात्र वेगवेगळी निघाली. वकिलांच्या मते सायकल जुनी झाली होती. मास्तरांच्या मते जुनी होती तोवर ठीक होती, मध्ये कुणीतरी नवी केबल घातली तिथे घात झाला. चिमट्यावरचे दोन बारीक स्क्रू कुणीतरी पिळले असणार, असंही निघालं, आणि खात्री करून घ्यायला मास्तरांनी ते आणखी पिळले. वरच्या मजल्यावरचा एक पाहुणा सायकल न बघताच म्हणाला की दोष टेकडीत आहे. (पुढे हेच मत सर्वांत विचार करण्याजोगं ठरलं.) शेवटी वकिलांनी घसा साफ करून हळूच सुचवलं की गाडी चालवणाऱ्याचाही हात बघायला हवा. सूनबाई तेव्हा त्यांच्या शेजारूनच चपला हातात घेऊन भराभर जिना उतरत होती. चालत जायचं तर घरातून अंधारातच निघायला हवं होतं, आणि तिने घरचं पाणी भरून निघावं असा कुणाचा आग्रह नव्हता. फक्त दुसरं कुणी भरत नव्हतं.

तिचा नवरा समतोल माणूस. वडिलांसमोर वडिलांच्या बाजूचा, बायकोसमोर झोपेत. तरी एकदा त्याचं रक्त उसळलं आणि तो तेलाची कुपी घेऊन जिन्याखाली आला. मापकाकांनी हात आडवा धरला.

“तेल घातलंस आणि चालू झालं, तर?”

“तर बरंच की, बाबा.”

“आणि कारण? ते गेलं ना वाहून तेलाबरोबर.”

मुलाने विचार केला. त्याला पटलं, निदान तिथे उभा होता तोवर पटलं. तो कुपी घेऊन वर गेला.

मापकाकू जिन्यातूनच म्हणाल्या, “अहो, पोरीच्या टाचा बघा एकदा. तिथे कारण वरूनच दिसतंय.” मापकाकांनी हे मत विषयाबाहेरचं म्हणून बाजूला ठेवलं.

आठवड्याच्या मध्यावर सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी तिला पुन्हा उशीर झाला होता. रात्रपाळीची नर्स पाळी संपूनही तिच्यासाठी थांबली होती, आणि नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा, ज्यांना तिच्याशिवाय कुणी कुशीवर वळवलेलं चालत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. मोठ्या सिस्टरांनी एवढंच म्हटलं होतं: उद्याचा दिवस देते, शेवटचा.

“बाबा, चावी द्या. चढावर ढकलेन. सपाटीला तरी बसता येईल.”

मापकाकांचा हात बनियनच्या खिशाकडे गेला. हे नमूद करायला हवं, कारण त्यांच्याबद्दल पुढे बरंच बोललं गेलं. हात खिशाकडे गेला, चावीला लागला, आणि मग त्यांना गोदामातले ते सगळे तराजू आठवले, ज्यांतला एकही त्यांनी अर्ध्यावर सोडला नव्हता.

“दोनच दिवस थांब, सूनबाई,” ते मायेने म्हणाले. “कारण हातात आलंच आहे.”

सून वळली. चपला घेऊन निघाली.

आणि दोनच दिवसांत तपासणी खरोखर पुरी झाली. मापकाकांनी आठवडाभराच्या निरीक्षणाचा गोषवारा बाकावर वाचून दाखवला. सायकल कुलुपात आल्यापासून साखळी एकदाही अडकलेली नाही. चिमट्याविषयी एकही नवी तक्रार आलेली नाही. बिघाड फक्त चढावर होतो, आणि जिन्याखाली चढ नाही. सबब दोष टेकडीचा असून सायकल निर्दोष आहे. वकिलांनी मान डोलावली. मास्तरांनी स्क्रूंचा उल्लेख गाळल्याबद्दल आभार मानले.

मापकाकांनी आपल्या जुन्या बनियनने सायकल पुसली. चाकांचे आरे एकेक करून पुसले, घंटी वाजवून पाहिली. कुलूप काढलं आणि सुनेला हाक मारली. ती गच्चीवरून कपड्यांची बादली घेऊन खाली येत होती. कामावर जायची वेळ टळून गेली होती, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“घे चावी. आता खुशाल जा.”

“कुठे, बाबा?”

त्यांना वाटलं, रस्ता विचारतेय. त्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं.

“तिथे आजपासून दुसरी आहे,” ती म्हणाली, आणि बादली या हातातून त्या हातात घेऊन वर गेली.

मापकाका चावी हातात धरून बाकावर बसले. तेवढ्यात वकील आले, मास्तर आले, आणि मुलीची नोकरी कशामुळे गेली हा प्रश्न निघाला. या वेळी कारण ठरायला वेळ लागला नाही. ती घरून उशिरा निघायची. तिचं मन कामात नव्हतं. नवऱ्याने ठणकावून सांगायला हवं होतं. नाही तर सासूने.

तुमचंही एव्हाना ठरलंच असेल: तिने पहिल्याच दिवशी तोंड उघडायला हवं होतं, कुलूप फोडायला हवं होतं, सायकल उचलून दुकानात न्यायला हवी होती. तुमचं बरोबर आहे. या, बसा. बाकावर जरा सरकलं की आणखी एक जण आरामात मावतो.